उंदीरमामाचे वीस ग्रॅम, चिऊताईचे वीस ग्रॅम

ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या माझ्या नेहमीच्या किराणा दुकानात मे महिन्यातल्या एका सकाळी दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. रात्री लावलेल्या पिंजऱ्यात सुक्या खोबऱ्याला भुलून एक उंदीर अडकला होता. आणि शेठनी शटर वर करून पंखा लावला, तोच मीटरच्या पेटीमागून भुर्रकन उडालेला चिमणा पात्याला लागून कोलमच्या गोणीवर पडला. जागच्या जागी गेला बिचारा.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झालो तरी नसत्या उचापती करायची खोड काही गेलेली नाही. रद्दीचा कागद घातला आणि चिमणा काट्यावर ठेवला.

"अहो सर, काट्यावर नको. गिऱ्हाईक बघतंय!" शेठ ओरडले.

तोवर आकडा दिसला होता. वीस ग्रॅम. मग उंदरासकट पिंजरा ठेवला. दुकानातल्या पोराने मागच्या गल्लीत उंदीर सोडला, तेव्हा रिकामा पिंजरा पुन्हा ठेवला. फरक निघाला वीस ग्रॅम. काटा पाच-पाच ग्रॅमनेच सरकतो, त्यामुळे एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे असतील. पण हिशेब तोच.

"म्हणजे दोघं एकाच मापाचे की," शेठ काटा पुसत म्हणाले. "छत एक, दाणा एक, वजनही एक. मग आयुष्यही सारखंच असणार, नाही का?"

प्रश्न साधा वाटतो, पण यानेच जीवशास्त्रज्ञांना शंभराहून जास्त वर्षं कोड्यात टाकलं आहे. कारण आयुष्य मुळीच सारखं नाही. मांजर, सापळा, उपासमार यातलं काहीही वाट्याला न येऊ देता, आयतं खाऊपिऊ घालून उंदीर पाळला तर तो दोन-तीन वर्षं जगतो. चार म्हणजे अगदी डोक्यावरून पाणी. चिमणी पिंजऱ्यात २३ वर्षं जगल्याची नोंद आहे. उघड्यावरच्या एका चिमणीच्या पायात डेन्मार्कमध्ये कडी अडकवली होती. ती चिमणी त्यानंतर १९ वर्षं ९ महिन्यांनी मेलेली सापडली. वीस ग्रॅमचा जीव, बाहेरची थंडी-वारा, मांजरं, ससाणे, आणि जवळजवळ वीस वर्षं!

पुढे जाण्याआधी उंदीर म्हणजे नक्की कोण, ते सांगतो, कारण आपण सरसकट सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो. गटारातून मांजराएवढी धावते ती घूस. माळ्यावर, तारांवरून पळतो तो लांब शेपटीचा काळा उंदीर. तो दीड-दोनशे ग्रॅमचा गडी. भिंतीच्या कडेकडेने चुकचुकत जाणारी, वास मारणारी चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नाही. तिला कुरतडायचे दात नसतात आणि ती किडे खाते, तेव्हा दुकानात चिचुंद्री दिसली तर शेठनी खरं तर खूश व्हायला हवं. इथे आपण बोलतोय तो बोटभर लांबीचा, राखाडी-तपकिरी घरउंदीर. प्रयोगशाळेतले पांढरे छोटे उंदीर याच जातीचे.

या दोघांची आणि माणसाची सोबत फार जुनी. पश्चिम आशियात माणसं एका जागी घर करून राहू लागली, तेव्हा घरउंदीर त्यांच्या वस्तीत शिरला. ही गोष्ट सुमारे १५,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे शेतीच्याही आधीची. चिमणी धान्याच्या मागे आली. माणसाबरोबर राहण्याचा ठसा दोघांच्या जनुकांवरही उमटला. पिष्ट, म्हणजे भात-गव्हातला स्टार्च, पचवायला अमायलेज नावाचं विकर लागतं. माणसापासून लांब राहणारी, स्थलांतर करणारी चिमणीची एक सख्खी बहीण मध्य आशियात आहे. तिच्याशी आपल्या घरचिमणीची तुलना २०१८ साली प्रसिद्ध झाली. घरचिमणीत नेमक्या या विकराच्या जनुकापाशी नैसर्गिक निवडीच्या खुणा सापडल्या. उंदरात याच विकराच्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती आढळतात. कुत्र्यातही तेच. आपल्या ताटातलं उष्टं खाणाऱ्यांची पोटं आपल्यासारखी झाली, एवढाच याचा अर्थ.

इथवर जोडी छान जुळते. आता शरीराच्या आत डोकावू, म्हणजे कोडं किती विचित्र आहे ते कळेल. उंदराच्या अंगाचं तापमान आपल्यासारखंच, ३७ अंशांच्या आसपास. चिमणीचं ४१-४२. आपल्याला एवढा ताप चढला तर डॉक्टर आयसीयूत घालतील. चिमणीचा तो रोजचा दिवस. विश्रांती घेतानाही ती तेवढ्याच वजनाच्या उंदरापेक्षा जास्त ऊर्जा जाळते, आणि उडताना तर विचारूच नका. रक्तातली साखर? आपली उपाशीपोटी शंभरच्या वर गेली की घरात कुजबुज सुरू होते. चिमणीसारख्या लहान पक्ष्यांची अडीचशे-तीनशेच्या घरात असते, तीही आजार नसताना, जन्मभर.

म्हणजे इंजिन जास्त गरम, इंधन जास्त, साखर आपल्या तिप्पट. यातली प्रत्येक गोष्ट सांगते की चिमणी आधी झिजायला हवी. घडतं नेमकं उलटं.

जो जोरात जळतो तो लवकर विझतो, ही समजूत आपल्या बोलण्यातही आहे आणि विज्ञानातही होती. जर्मन शरीरशास्त्रज्ञ मॅक्स रुबनर यांनी १९०८ साली गिनीपिग, मांजर, कुत्रा, गाय, घोडा अशा प्राण्यांचा हिशेब मांडला. ग्रॅमभर शरीर आयुष्यभरात किती ऊर्जा जाळतं, ते त्यांनी पाहिलं. आकडे बरेच जवळ आले. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेत रेमंड पर्ल यांनी त्यालाच 'जगण्याचा वेग' म्हटलं: प्रत्येकाला ठरावीक शिधा मिळतो, भराभर संपवाल तर भराभर जाल. त्याचीच लोकप्रिय आवृत्ती म्हणजे, प्रत्येक प्राण्याच्या हृदयाला साधारण शंभर कोटी ठोके मिळतात.

पाठकोऱ्या पावतीवर मी शेठना हा हिशेब करून दाखवला. उंदराचं हृदय मिनिटाला सहाशेच्या आसपास ठोके देतं. दिवसाचे झाले ८ लाख ६४ हजार, वर्षाचे साडेएकतीस कोटी, तीन वर्षांचे पंच्याण्णव कोटी. बसलं की नाही गणित? आता चिमणी घ्या. तिचं हृदयही मिनिटाला काहीशे ठोके देतं. कमीत कमी धरू म्हणून पाचशे घेतले. वर्षाचे सव्वासव्वीस कोटी. वीस वर्षांचे सव्वापाचशे कोटी! माणसाचे, मिनिटाला सत्तर आणि आयुष्य ऐंशी धरलं तरी, तीनशे कोटीच्या आत. म्हणजे ती डेन्मार्कची चिमणी आपल्या आजोबांपेक्षा जास्त ठोके जगून गेली.

ठरावीक शिध्याची कल्पना इथे कोलमडते. सस्तन प्राण्यांपुरतं पाहिलं तर ती ठीक वाटते, पण त्या ओळीत पक्षी उभा केला की सगळी रांग विस्कटते. माझ्या मते रुबनरची चूक मोजण्यात नव्हती, त्यांच्या यादीला पंख नव्हते.

आता एक फरक नीट समजून घ्यायला हवा. इथे भलेभले गोंधळतात. मरणं वेगळं आणि म्हातारं होणं वेगळं. चिमणी वीस वर्षं जगू शकते याचा अर्थ ती जगते असा नाही. चिमणीची बहुतेक पिलं पहिलं वर्षही काढत नाहीत. त्यातून तगलेल्या मोठ्या चिमण्यांपैकीही साधारण निम्म्या दर वर्षी जातात. कुणी मांजराच्या तोंडी, कुणी शिक्र्याच्या पंजात, कुणी शेठच्या पंख्यात. उंदराचं तर विचारायलाच नको: मांजर, गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस, गोंदाचे पुठ्ठे, विषाच्या वड्या. मोकळ्यावरच्या उंदराला वर्षाचा वाढदिवस क्वचितच बघायला मिळतो.

म्हातारपण कुठून आलं याचं उत्तर या अपघाती मरणात दडलेलं आहे. ही कल्पना जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५२ साली मांडली आणि जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये पुढे नेली. समजायला सोपं पडावं म्हणून आकडे मी मनाने धरतो. समजा एका गोदामात हजार उंदीर आहेत आणि दर महिन्याला त्यांच्यातले चौथा हिस्सा कशाने ना कशाने मरतात. वर्षाने उरतील तीसेक. दोन वर्षांनी एक. आता समजा, उंदरांच्या जनुकांत असा एखादा दोष आहे की ज्यामुळे अडीच वर्षांनी मूत्रपिंडं निकामी होतात. हा दोष भोगायला जिवंत आहेच कोण? ज्याला होणार तो केव्हाच मांजराच्या पोटात गेला, आणि जाण्याआधी पन्नासेक पिलांत तो दोष वाटून गेला. निसर्गाची चाळणी अशा दोषाला पकडूच शकत नाही. उलट, तोच दोष तरुणपणी थोडी जास्त पिलं देत असेल तर त्याचं फावतंच.

चिमणीत मोठ्या झालेल्यांपैकी निम्म्या दर वर्षी जातात असं धरा. शंभरातल्या सहा चार वर्षांनीही शिल्लक असतात, आणि त्या अंडी घालत असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शरीर बिघडवणारा दोष या सहा जणींत उघडा पडतो आणि त्यांच्या पिलांच्या संख्येत दिसतो. चाळणीला पकडायला काहीतरी मिळतं.

याचं दुसरं अंग आहे खर्चाचं, आणि ते ठाणेकरांना समजावायला मला अजिबात कष्ट पडत नाहीत. नौपाड्यातली कुठलीही जुनी इमारत घ्या. दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार असं एकदा ठरलं की सोसायटी काय करते? गच्चीला वॉटरप्रूफिंग नाही, जिन्याला रंग नाही, लिफ्टची फक्त मलमपट्टी. कुणी प्लास्टरचा विषय काढला की सेक्रेटरी म्हणतात, "पाडायचीच आहे हो, कशाला पैसे घालता?" ते चुकीचं बोलत नाहीत. आणि जिथे लोक अजून तीस वर्षं राहणार आहेत, तिथे दर पाच वर्षांनी रंग, पिलरची तपासणी, टाकीची सफाई सगळं वेळच्या वेळी होतं. टॉम कर्कवुड यांनी १९७७ साली शरीराबद्दल हेच म्हटलं. शरीराकडे येणारी ऊर्जा मोजकीच. ती दुरुस्तीला घालवायची की पिलांना? ज्याला बाहेरचं जग लवकरच मारणार आहे, त्याने दुरुस्तीत पैसा अडकवणं आतबट्ट्याचं. उंदराचं शरीर ही रिडेव्हलपमेंटला निघालेली इमारत आहे.

उंदराचा खर्च मग कशावर होतो? पिलांवर. उंदरीण एकोणीस-वीस दिवसांत विते, एका वेळी पाच-सात पिलं. आणि विल्यानंतर चोवीस तासांच्या आत तिला पुन्हा दिवस राहू शकतात. एकीकडे पाजते आहे, दुसरीकडे पुढची वेत पोटात. पिलं तीन आठवड्यांत दूध सोडतात आणि दीड-दोन महिन्यांची झाली की स्वतः आईबाप व्हायला तयार. चिमणीला एवढी पिलं पोटात घेऊन उडणं परवडत नाही. ती दिवसाला एक असं करत चार-पाच अंडी घालते, दोघं मिळून बारा-तेरा दिवस उबवतात, मग दोन आठवडे किडे-अळ्या आणून भरवतात. (मोठी चिमणी दाणे खाते, पिलांना मात्र मांसाहारच लागतो. बाल्कनीत नुसती बाजरी ठेवून वीण वाढत नाही, ती यामुळे.) एक गंमत अशी की चिमणीचं पिलू उंदराच्या पिलापेक्षा हळू वाढतं म्हणून जास्त जगतं, असंही नाही. दोन-तीन ग्रॅमचा लाल गोळा पंधरा दिवसांत जवळजवळ आईएवढा होऊन घरट्याबाहेर पडतो. पण पुढे तो पहिली अंडी घालायला वर्षभर थांबतो.

चिमणीला दुरुस्तीत पैसे घालणं परवडतं, कारण तिला उडता येतं. संकट आलं की दोन सेकंदांत ती विजेच्या तारेवर. अगदी शेठच्या दुकानातसुद्धा मांजर उंदराची वाट बघत गोणीमागे तासन् तास बसतं. चिमणीकडे फक्त आशेने बघतं.

हे उत्तर पक्ष्यांपुरतंच जुळवून आणलेलं नाही ना, अशी शंका यायला हवी. मलाही आली होती. तपासायची रीत सोपी: पंख असलेला सस्तन प्राणी बघा आणि पंख न वापरणारा पक्षी बघा. वटवाघूळ सस्तन आहे, पिलांना दूध पाजतं, आणि लहान जातींची वटवाघळं उंदराहून हलकी असतात. सैबेरियात ब्रँडटचं वटवाघूळ नावाच्या जातीचा एक नर ४१ वर्षांनी पुन्हा पकडला गेला. वजन? सातेक ग्रॅम. आपल्या उंदराच्या निम्म्याहून कमी आणि आयुष्य दहापट. उलट जमिनीवर चालत फिरणारा, नाइलाज झाला तरच भर्रकन उडणारा लावा घ्या. पाळीव जपानी लावा चिमणीच्या कितीतरी पट जड, पण पाच-सहा वर्षांत आटोपतो. मोठं शरीर, दीर्घ आयुष्य हा नियम त्याच्याबाबतीत उलटा पडतो. आणि पंखांशिवायही मांजरापासून लांब राहता आलं तर? पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली बिळांची वसाहत करून राहणारा, केस नसलेला, दिसायला अगदी ओंगळ असा एक कृंतक, म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा प्राणी, आहे: नेकेड मोल रॅट. वजन पस्तीसेक ग्रॅम, आयुष्य तीस वर्षांच्या वर. मुख्य गोष्ट पंख नव्हे, सुटका आहे.

'कशासाठी' एवढं कळलं. 'कसं' हा प्रश्न वेगळा, आणि मला तोच जास्त आवडतो, कारण तो थेट स्वयंपाकघरात नेतो.

ज्यांनी रॉकेलचा स्टोव्ह वापरलाय त्यांना आठवेल. पिन मारून, पंप करून नीट पेटवलेला स्टोव्ह निळ्या ज्योतीने फरफर जळतो आणि भांड्याला काजळी धरत नाही. निपलमध्ये कचरा असला की पिवळी ज्योत, धूर, आणि पातेल्याचं बूड काळं. काजळी किती धरते ते किती जाळलं यावर ठरत नाही, कसं जाळलं यावर ठरतं. बहुतेक पेशींत मायटोकाँड्रिया नावाचे असे शेकडो-हजारो स्टोव्ह असतात. ते अन्न आणि प्राणवायू वापरून ऊर्जा बनवतात. त्यात थोडी गळती होते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी पोळणारी रसायनं सुटतात; तेच पेरॉक्साइड, जे जखमेवर टाकलं की फेस येतो. ही काजळी पेशीची डीएनए, प्रथिनं, आवरणं खराब करते. काजळी साचणं म्हणजेच म्हातारपण, ही कल्पना डेनहॅम हार्मन यांची, १९५६ सालची.

माद्रिदच्या गुस्ताव्हो बार्हा यांच्या गटाने १९९०च्या दशकात सरळ मोजून पाहिलं. एकीकडे मोठा उंदीर आणि त्याच्याएवढं कबुतर. दुसरीकडे घरउंदीर आणि चिमणीच्या दूरच्या नात्यातली कॅनरी. पक्ष्यांचे स्टोव्ह जास्त जाळूनही कमी पेरॉक्साइड सोडत होते. निळी ज्योत! दुसरी एक गंमत याच कामातून पुढे आली. काजळी पुसणारी द्रव्यं, ज्यांना जाहिरातवाले अँटीऑक्सिडंट म्हणून विकतात, ती दीर्घायुषी प्राण्यांत जास्त असतील असं वाटेल. प्रत्यक्षात ती बहुधा कमी निघाली. नळच गळत नसेल तर पोछा कशाला ठेवायचा? हार्मन यांची कल्पना तेवढीच पुरी पडत नाही, म्हातारपणाला इतरही वाटा आहेत. पण ही तुलना अजून टिकून आहे.

दुसरी गोष्ट खुद्द शेठच्या फळीवर मांडून ठेवलेली आहे. जवसाचं तेल बाटली उघडली की काही दिवसांत खवट होतं, खोबरेल महिनोन् महिने तसंच राहतं. फरक चरबीच्या रेणूंचा: जवसाच्या तेलात हवेने पटकन बिघडणारी, बहुअसंतृप्त चरबी भरपूर. पेशींची आवरणं चरबीचीच असतात. उंदरासारख्या लहान सस्तन प्राण्यांच्या आवरणात पटकन खवट होणारी चरबी खूप असते. तेवढ्याच आकाराच्या पक्ष्यांत ती कमी असते. उंदीर जवसाचा, चिमणी खोबरेलाकडे झुकणारी, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. शेठना हे एवढं पटलं की त्यांनी मला खोबरेलाची एक बाटली जास्तच खपवली.

साखरेचंही थोडक्यात सांगतो, कारण मधुमेह नाही असं घर ठाण्यात शोधावं लागेल. साखर रक्तातल्या लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. 'तीन महिन्यांची साखर' म्हणून आपण जी तपासणी करतो ती हाच चिकटा मोजते. पक्ष्यांच्या लाल पेशी साखर फारशी आत घेतच नाहीत. तिन्ही त्रिकाळ गुळाच्या पाकात पोहणारा, पण अंगाला पाक न लागणारा जीव आहे तो. माणसाच्या औषधासाठी यातून काही मिळेल का, याचा शोध चालू आहे.

आता गाण्याबद्दल, कारण चिमणी ही गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात येते हे सांगितलं की लोक हसतात. चिवचिव म्हणजे काय गाणं? दयाळ, कोतवाल ठीक आहे. पण हा गट गोडव्यावरून नाही, गळ्याच्या रचनेवरून आणि शिकण्याच्या ताकदीवरून पाडलेला आहे. आपला आवाज श्वासनळीच्या वरच्या टोकाला तयार होतो. पक्ष्याचा खाली, जिथे नळीला दोन फाटे फुटतात तिथे. आणि गाणारे पक्षी आवाज ऐकून शिकतात, बाळ बोलायला शिकतं तसे. अमेरिकेत एडवर्ड कॉनराडी यांनी चिमणीची पिलं कॅनरींबरोबर वाढवली. मोठी होऊन ती कॅनरीसारखे सूर काढायला लागली, असं त्यांनी १९०५ साली लिहून ठेवलंय. म्हणजे चिवचिव हीसुद्धा मायबोली, ती ऐकावी लागते.

आणि उंदीर? उंदीरही गातो! मादीच्या लघवीचा नुसता वास आला तरी नर सुरावटीसारखे आवाज काढतो. २००५ साली ते नीट रेकॉर्ड करून तपासले गेले. आपल्याला ऐकू येत नाहीत एवढंच. आपले कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतात, उंदराचं गाणं तीस हजारांच्या पुढे सुरू होतं आणि लाखापर्यंत जातं. शेठच्या दुकानात रात्री तूरडाळीच्या गोणीमागे मैफल रंगत असणार. पण जन्मतः बहिरा उंदीरही जवळजवळ तसंच गातो. शिकवणी लागत नाही.

मेंदूतही याची सावली दिसते. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्याही आतला, त्यात सुमारे सात कोटी चेतापेशी. आपल्या मुनियांची ऑस्ट्रेलियातली नातलग झेब्रा फिंच हिचा मेंदू त्याहून किंचित हलकाच, पण त्यात तेरा कोटींच्या आसपास. तेवढ्याच खोलीत दुप्पट भाडेकरू. चार महिन्यांत ज्याचा निकाल लागणार, त्याने गाणं शिकण्यात महिने घालवून काय करायचं, असं आपलं माझ्या मनात येतं. हे माझं मत, सिद्धांत नव्हे.

आठवड्याभराने साखर आणायला गेलो तर मीटरच्या पेटीवर चिमणा बसलेला.

"सर, हा तोच की काय?" शेठनी विचारलं.

तोच कसा असेल? मी नीट पाहिलं. याच्या गळ्याखालची काळी पट्टी त्याच्यापेक्षा लहान होती. पेटीमागे काड्यांचं घरटं होतं आणि आतून मादीची शेपटी दिसत होती. मला पक्षितज्ज्ञ सलीम अलींची लहानपणची नोंद आठवली, इथून जवळच्या चेंबूरमधली, १९०६-०७ सालची. तबेल्यातल्या एका भोकात मादी अंड्यांवर बसली होती आणि नर बाहेर खिळ्यावर पहारा देत होता. दहा वर्षांच्या सलीमने नर बंदुकीने टिपला. थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा नर. तोही टिपला, तिसरा आला. सात दिवसांत आठ नर त्या एका जागी येऊन बसले.

"म्हणजे हिची वेटिंग लिस्ट आहे," शेठ म्हणाले. पंख्याला त्यांनी जाळी लावून घेतली होती. खाली पिंजऱ्यात खोबऱ्याचा नवा तुकडा होता, एका कोपऱ्यातून कुरतडलेला, आणि पिंजरा रिकामा.